कडक पाटे

“रिकामी किती चालते?” मी जीपखालूनच विचारलं.

“रिकामी कशाला चालवू?” भानुदास म्हणाला. “मी काय जत्रंला जातो व्हय? वीस कॅन असत्यात, मिस्त्री. सकाळी वीस, सांच्याला वीस. तुमी बिनघोर कडक टाका.”

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. अंथुर्ण्याच्या फाट्यावर तीस वर्षं गाड्यांखालचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवतोय. भरलेली गाडी किती ओझं नेते ते गिऱ्हाईक छाती फुगवून सांगतं. रिकामी किती चालते ते कुणी खरं सांगत नाही. ओझ्याला कडक पाटे लागतात, पण तेच पाटे रिकाम्या गाडीत माणसाला सुपातल्या दाण्यासारखं उडवतात. ओझं उतरवून आल्यावर गाडी कुणी खांद्यावर घेऊन घरी जात नाही, एवढंच मला म्हणायचं असतं.

भानुदासची जीप जुनी, चारही चाकं ओढणारी. कालव्याच्या कडेने चार किलोमीटर काळ्या मातीची वाट, त्या वाटेवरच्या सहा वस्त्यांचं दूध गोळा करून डेअरीला घालायचं, हा त्याचा धंदा. मूळचे पाटे वजनाने सरळ झाले होते आणि जीप मागून बसली होती. डेअरीवरची माणसं म्हणायची, भानुदासची म्हैस बसली, आता रवंथ करणार. पाट्यांपेक्षा त्याला हेच जास्त लागलं होतं.

पुढच्या सीटवर त्याची बायको कौसल्या शेंगा फोडत बसली होती. दूध मापायला रोज तीच बरोबर असते. ती पणदऱ्याची, माझी बायकोही पणदऱ्याची, त्यामुळे गावाच्या नात्याने मी तिचा दाजी.

“दाजी, जरा मऊ टाका,” ती म्हणाली. “कॅन उतरवून वस्तीला जाताना ह्यात मीच असती. कंबरंचा भुगा हुतो.”

“दुधाचं बघायचं का तुझ्या कंबरंचं?” भानुदास म्हणाला.

मधला मार्ग होता. वरचे पाटे मऊ ठेवायचे आणि एक वेगळा जाड पाटा असा बसवायचा की वजन पडलं तरच तो टेकेल. आम्ही त्याला हेल्पर म्हणतो. पण तो घडवून घ्यायला दोन दिवस लागणार होते.

“दोन दिस?” भानुदास म्हणाला. “चार येळंचं दूध झालं की ते. तवर रविंद्र माझ्या वस्त्यांवर कॅन लावंल, अन् मी माशा मारत बसू?”

रविंद्र म्हणजे पलीकडच्या गावचा दूधवाला, टपूनच बसलेला. भानुदासचं भय खोटं नव्हतं. तरी मी आग्रह धरायला हवा होता. पण कारखान्याचा हंगाम चालू होता, उसाच्या दोन ट्रॉल्या दारात उभ्या होत्या. गिऱ्हाईक कडक मागत होतं, मी कडक दिलं.

संध्याकाळी जीप मागून ताठ उभी राहिली. भानुदास तिच्याभोवती दोनदा फिरला.

“आता चढाया शिडी द्या, दाजी,” कौसल्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वीस कॅन भरून तो मुद्दाम दाखवायला आला. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मी हात घातला, चार बोटं जागा उरली होती. आमच्या धंद्यात माप बोटांचं. भरल्यावर चार बोटं राहिली म्हणजे काम चोख.

दीड महिन्याने एका सकाळी जीप दिसायच्या आधी ऐकू आली. रिकामी होती. मागच्या भागात वाकळ अंथरून कौसल्याला निजवलं होतं आणि तिने पदर दातात धरला होता.

गोठ्यात म्हशीने धडक दिली आणि ती दगडी गव्हाणीवर पाठीवर पडली. भानुदासने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला होता. कालवा पाझरून वस्तीची वाट चिखलाची झालेली, तेव्हा फाट्यावर डांबरीला थांबतो, तिथपर्यंत कसंही आणा, असं त्यांनी सांगितलं. भानुदासने तिला जीपमध्ये घातलं आणि ते चार किलोमीटर आणलं. अ‍ॅम्ब्युलन्स अजून आली नव्हती. इथवर आणलीच आहे तर बारामतीला मीच नेतो, वेळ वाचेल, असं त्याने वाटेतच ठरवून टाकलं होतं.

“मिस्त्री, चार पाटे काढा बिगीनं,” तो म्हणाला. “गाडी उडती. ती वरडती.”

“बिगीनं कसे निघतील? दीड तास जाईल.”

“मग काय करू?”

कौसल्याने पदर सोडला. “दाजी, मऊ टाका म्हनलं हुतं का न्हाय?” ती म्हणाली आणि हसायला गेली. मग म्हणाली, “पायाला मुंग्या येत्यात वो.”

मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला मुंग्यांचं काय कळतं? मला गाडीचं कळत होतं. गाडी रिकामी म्हणून उडते, तर तिला भरायची. मागच्या भिंतीला मोडक्या पाट्यांचा ढीग होता. मी, भानुदास आणि दारात आलेल्या उसाच्या ट्रॉल्यांचे दोघे ड्रायव्हर, आम्ही तिच्या दोन्ही अंगांना ते लोखंड रचलं. सहा क्विंटल तरी असेल. दर पाटा पडताना जीप हलायची आणि कौसल्या डोळे मिटायची. शेवटी मी मडगार्डखाली हात घातला. बरोबर चार बोटं.

“आता पाळण्यागत जाईल,” मी भानुदासला म्हणालो.

तशीच गेली. वळणापर्यंत मी बघत उभा राहिलो, एकदासुद्धा उडाली नाही. मला माझंच फार कौतुक वाटलं.

वीस मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्स माझ्या दारात येऊन थांबली. आतल्या माणसाने विचारलं, “पेशंट कुठं हाय?” त्याच्यामागे फळी दिसत होती, बांधायचे पट्टे दिसत होते.

“कवाच गेला,” मी म्हणालो. “झकास गेली गाडी.”

बारामतीच्या डॉक्टरांनी काय विचारलं ते भानुदासने पुढे सांगितलं. पडल्यावर पाय हलत होते का? हलत होते. मुंग्या कधी आल्या? वाटेत. मणका पडून मोडला होता, पण त्याचा तुकडा आत सरकला तो हलवाहलवीत. फळीवर सपाट बांधून आणायला हवी होती. निदान डांबरीला लागल्यावर तरी थांबायचं, असं डॉक्टर म्हणाले.

डांबरी लागते ती माझ्या दारात. तिथे एक बाई मोडत होती आणि मी जीप दुरुस्त करत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात, तो बंब मीच. भानुदासला कुणी दोष दिला तर मी होकाराची मान हलवत नाही. आणि माझं नाव कुणी घेतलंच नाही, ते जास्त वाईट. डेअरीवर तर लोक अजून सांगतात, मिस्त्रीने काय डोकं लढवलं म्हणून.

चार महिन्यांनी भानुदास जीप घेऊन आला. कौसल्या पुढच्या सीटवर होती, छातीजवळ जुन्या लुगड्याने सीटला बांधलेली. तो वाळला होता.

“हेल्परचं काम करा,” तो म्हणाला. “मऊ टाका. दोन दिस लागू द्यात न्हायतर चार.”

“अन् दूध?”

“रविंद्रला सांगितलंय, उचल म्हनून.”

“कशाला?” कौसल्या आतून म्हणाली. “ऱ्हाऊ द्या हेच. मला आता कडक काय अन् मऊ काय. कंबरंखाली कळतंय कुठं? दुधाला कडकच बरं, दाजी.”

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी तो घेतला असता. तसा नव्हता. ती सरळ हिशोबाचं बोलत होती. भानुदास पाणी प्यायला म्हणून हौदाकडे गेला आणि बराच वेळ पाठ करून तिथेच उभा राहिला.

मी जीपजवळ गेलो. माझी बायको कशी आहे, ते तिने विचारलं. मग पणदऱ्याचं सांगायला लागली, भावाने नवा गोठा बांधलाय, गव्हाण सिमेंटची केलीय, तिला कडा ठेवल्या नाहीत. बोलता बोलता तिचा डावा पाय खालच्या पत्र्यावरून घसरला आणि जीपबाहेर लोंबायला लागला. चप्पल खाली पडली. तिला पत्ता नव्हता.

मी वाकून चप्पल उचलली. तिची माती झटकली, तिच्या पायात घातली आणि पाय उचलून आत ठेवला. पाय थंड होता आणि वाटला त्यापेक्षा जड होता. ती गोठ्याचंच सांगत होती.

“ऐकताय न्हवं, दाजी?” तिने विचारलं.

“ऐकतोय,” मी म्हणालो. पाय पुन्हा घसरू नये म्हणून मी हात तसाच ठेवला होता.