सोमवारचा भाग

माझ्या डोक्यावर एक पत्र एकवीस दिवस पडून होतं, उत्तर न दिलेलं. कागदाला वजन ते काय असणार? पण मित्रांनो, मला त्याचं ओझं झालं होतं. त्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, ज्यांना ते आलं त्यांच्याखेरीज, घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

मी एक जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही आहे. दिवसभर बोलतो, पण सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचा एक शब्द काढता येत नाही.

एका कारखान्यात चष्मेवाल्या बायांनी माझ्या पोटात तारा जोडल्या आणि मी या घरी आलो. तेव्हा या घरचे आजोबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची आणि चूक दिसली की लाल पेन्सिलीने खूण करायची, हे त्यांचं काम. त्या दिवसांत माझा काय थाट! रोज पुसायचे, वर झालर लावलेला रुमाल. मग आजी गेल्या, मुलगा दुसऱ्या गावी गेला आणि रुमालावर धूळ साचली. आवाज खरखरला की मी हादरायचो. वाटायचं, झालं, आता भंगारवाला.

दोन वर्षांपूर्वी नात नोकरीसाठी इथे राहायला आली. मला बघून म्हणाली, "अगं बाई, हा डबा अजून चालतो?" माझी पाचावर धारण बसली. पण तिचं लक्ष आजोबांच्या वहीकडे गेलं.

"काय लिहिताय?"

"चुका."

"मालिकेच्या? कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"कुणी नाही गं. सवय जात नाही हाताची."

आजोबा रोज दुपारी दोनला एक कौटुंबिक मालिका बघत. वहीत प्रत्येक भागाचं एक पान. कप उजव्या हातातून डाव्या हातात कसा गेला, एका रात्रीत पडदे कसे बदलले, सगळं टिपलेलं. नातीने मोबाइल समोर धरला आणि त्यांना ते वाचायला लावलं. आजोबा इतके लाजाळू की आधी तीन पेले पाणी प्यायले. पण लोकांना आवडलं. 'लाल पेन्सिल' नावाने दर आठवड्याला त्यांचे व्हिडिओ येऊ लागले. खाली कुणीतरी लिहिलं, 'मागचा टीव्ही बघा, आजोबांचाच वर्गमित्र!' नातीने ते वाचून दाखवलं आणि मला ओल्या फडक्याने पुसलं. किती वर्षांनी!

मग तो सोमवार आला. मी मालिका दाखवत होतो. त्यात वारलेल्या बापाची मुलगी त्याचा जुना फोन उघडते. त्यात त्याच्याच आवाजातले, आजारपणात बोलून ठेवलेले निरोप असतात. फार सुंदर भाग होता. समोर खुर्चीत आजोबांची मान छातीवर कलली होती. हातातली पेन्सिल पानावरून घसरत खाली गेली, तशी एक वाकडी रेघ उमटली. मी आवाज खरखरवून पाहिला. ते हलले नाहीत.

जागे झाले तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती. त्यांनी रेघ खोडली, इकडेतिकडे पाहिलं आणि पानावर लिहिलं, 'विशेष काही नाही.' छापखान्यात पंचेचाळीस वर्षांत न वाचलेल्या पानावर त्यांनी कधी सही केली नव्हती.

मंगळवारी मालिकेत बापाचा आवाज फोनवर ऐकू आला. आजोबा खूश! व्हिडिओत म्हणाले, "लेखिकाबाई, मेलेला माणूस फोन करतोय. बिल कोण भरतं?"

दोन दिवसांत ते वाक्य गावभर झालं. त्याची गाणी झाली, चित्रं झाली. मालिका बघणारे मूठभर आणि हसणारे लाखांनी. एकदोघांनी लिहिलं की अहो, सोमवारी दाखवलंय ना सगळं. पण त्या गोंगाटात त्यांना कोण विचारतो? हळूहळू हसण्याला दात फुटले. लेखिकेचा फोटो, तिच्या घराचं फाटक, तिची आई, सगळं मोबाइलवर फिरू लागलं. नातीने ते वाचून दाखवणं सोडलं.

मग त्या लेखिकेचं पत्र आलं. पत्ता तिने छापखान्यातून मिळवला होता. मजकूर पुटपुटत वाचायची आजोबांची सवय, म्हणून मीही ऐकलं. 'तुमच्यावर राग नाही. फाटकाशी पोरं उभी राहून मेलेल्याला फोन लावायला सांगतात. आईने फोन उचलणं सोडलंय. महिनाअखेर मालिका बंद होतेय. तुम्ही ओळ न् ओळ बघता असं ऐकलं. म्हणून एकच विचारते. सोमवारचा भाग पाहिला होतात का?'

आजोबांनी पत्र घडी करून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून त्यांनी दुपारी मला लावणंच सोडलं. दार वाजलं की दचकायचे. नातीचा मोबाइल थरथरला की हातातला चहा सांडायचा. मी काळा पडदा घेऊन बसलेलो. त्यात त्यांचंच तोंड दिसायचं, म्हणून त्यांनी खुर्ची फिरवून घेतली.

एकविसाव्या दिवशी नातीने मला लावलं. बंद होणाऱ्या मालिकेचे निवडक भाग पुन्हा दाखवत होते. आणि लागला नेमका सोमवारचा! आजोबा तीरासारखे उठले. त्यांचं बोट माझ्या बटणावर आलं. मी जीव मुठीत धरला, म्हटलं, आज चित्र गेलं तर संपलंच.

बोट तिथेच राहिलं. त्यांनी तो भाग उभ्यानेच पाहिला.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"तेव्हा. तिची चूक नव्हती. माझी होती."

नात पांढरीफटक पडली. "आजोबा, कुणाला सांगू नका. मला माहितीय ही माणसं. तिला सोडतील आणि तुम्हाला फाडून खातील. हे घर काय लांब आहे?"

"भीती वाटतेच गं. पण ती बाई माझ्या वाट्याची भीती भोगतेय."

त्यांनी कागद घेतला. चार कागद फाडले. पाचव्यावरचं पुटपुटत वाचलं. 'नाही, पाहिला नव्हता. झोपलो होतो, आणि वहीत खोटं लिहिलं. आज पाहिला. चूक एकही नाही. उद्या संध्याकाळी व्हिडिओत हेच सगळ्यांना सांगणार आहे. तुमच्या आईंना सांगा, मी माफी मागितली.'

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं पुसा, जपा, एवढं तर मी मागेनच. पण त्याआधी एक मागतो. ज्याच्यावर हसायचं ते आधी पूर्ण बघा. डुलकी कुणालाही लागते. तेवढ्या डुलकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू नका.

आजोबा चपला घालून निघाले. जिन्यात दोनदा थांबल्याचं ऐकू आलं. नात खिडकीशी गेली. मला रस्ता दिसत नव्हता, पण ती स्वतःशीच बोलत होती.

"टपालपेटीपाशी पोचले... उभे आहेत... अजून उभेच... फिरले परत. आजोबा! नाही, थांबले. चष्मा पुसतायत." तिने गज घट्ट धरला. "टाकलं. आणि आता आत हात घालून बघतायत, नीट पडलं का ते."