पेलाभर गोडे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्याला एका घराच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, मी पडून असते. माझ्यात आता ना पाणी, ना मासा. तळाशी मिठाचा पांढरा थर आहे आणि तो पुसायला या घरात कोणी धजत नाही. का, ते सांगते.

म्हापशाच्या एका दुकानात माझा जन्म झाला. दुकानदार कृष्णनाथने पाच काचा जोडून मला उभी केली आणि मी गळते का ते पाहायला आठवडाभर पाणी भरून ठेवले. एक थेंब गळला नाही. तेवढा तोरा मला अजून आहे!

मला घरी आणले सुदेशने. तो मोरजीच्या एका हॉटेलात वीजकाम करतो. समुद्रातले मासे घरात पाळायचे, हा त्याच्या आठवीतल्या लेकीचा, सुविधाचा हट्ट. कृष्णनाथने तिला बजावले होते, "बाय, खाऱ्या उदकाचें नुस्तें नाजूक. पयलो महिनो उदक मुरूं दी, मागीर नुस्तें घाल. आनी नळाचें उदक घालूं नाका, तातूंत जंतू मारपाची पावडर आसता." नुस्तें म्हणजे मासे. सुविधाने हे वहीत लिहून घेतले आणि शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

महिनाभर माझ्यात फक्त मोरजीच्या समुद्राचे पाणी, वाळू, दोन दगड आणि बुडबुडे सोडणारा पंप. शेजारची सत्यवती येता-जाता चिडवायची, "गो सुविधा, तूं उदकच पोसता मगो?" मग केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आले, तेव्हाही तिचे तोंड थांबले नाही. "असलें नुस्तें कढयेंत घालूंक ना, तर हाडलें कित्याक?" कढीत घालायचे नाहीत तर आणलेच कशाला, म्हणे. सुविधा मात्र शाळेतून आली की दप्तर न काढताच माझ्यासमोर बसायची. ते दिवस सुखाचे होते.

मला ठेवले होते सगुण आजोबांच्या खाटेसमोर. मी येण्याच्या वर्षभर आधी त्यांचे उजवे अंग लुळे पडले आणि वाचाही गेली. त्यांना विरंगुळा हवा, म्हणून ही जागा. आजोबांचा जन्म मिठागरात गेला होता. आपल्यासारखे पोराने उन्हात करपू नये, म्हणून सुदेशला त्यांनी तिथे कधी पाऊलही टाकू दिले नाही. माया होती ती. पण त्या मायेपायी मिठागराची विद्या घरात कुणाकडेच आली नाही.

माझे पाणी दर आठवड्याला दोन बोटे खाली जाई. सुदेश शनिवारी मोरजीहून स्कूटरवर समुद्राच्या पाण्याचा कॅन आणी आणि मला काठोकाठ भरी. लेकीसाठी त्याने एकही शनिवार चुकवला नाही. पण मित्रांनो, हवेत उडून जाते ते पाणी. मीठ उडत नाही. जुने मीठ माझ्यातच राहत होते आणि वर दर शनिवारी नवे पडत होते. त्या घरात हे दोघांनाच कळत होते, आजोबांना आणि मला. बोलता दोघांनाही येत नव्हते.

आजोबा डाव्या हाताने आपला पाण्याचा पेला उचलत आणि माझ्याकडे दाखवत. सून श्रद्धा धावत येई. "बाबांक तान लागली," म्हणत ती तो पेला त्यांच्याच ओठांना लावी. ते मान फिरवत. पाणी गळ्यावरून उशीवर सांडे. श्रद्धा बिचारी पुसत बसे. तिचा तरी काय दोष?

एप्रिलमध्ये माझ्या काठावर पांढरे पापुद्रे धरले. मासे वर येऊन धापा टाकू लागले. एका दुपारी आजोबा खाटेच्या कडेपर्यंत सरपटत आले आणि त्यांनी डाव्या हाताने पेला माझ्यात रिता केला. मला किती बरे वाटले म्हणून सांगू! तेवढ्यात सुविधा दारात आली.

"आजो, हें कितें केलें तुवें? म्हजें नुस्तें मरतलें!"

तिने पेला हिसकावून घेतला आणि त्यांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवला. चौथ्या दिवशी दोन्ही मासे मेले.

"आजोन गोडें उदक घातलें, म्हूण मेलें," ती सगळ्यांना सांगत सुटली. एवढ्या पाण्यात एक पेला तो काय! पण माझे कोण ऐकणार? ती आजोबांशी बोलेनाशी झाली. जेवणाचे ताट ठेवी तेही भिंतीकडे पाहत. आजोबा डावा हात तिच्याकडे पुढे करत. तो तसाच खाली जाई. पंधरा दिवसांनी, मे महिन्यात, आजोबा गेले.

मला तोवर उपसून बल्कांवात टाकले होते. तळाशी बोटभर पाणी राहिले होते, तेही आटले. बाराव्याच्या जेवणाला सत्यवती आली. आजोबांच्या हाताखाली तिनेही मिठागरात वीस वर्षे काढली होती. तिने वाकून माझ्यात पाहिले आणि बोटाने थर खरवडला.

"अगो, इतलें मीठ खंयचें? उदक उणें जालें की कसलें घालताली?"

"समुद्राचें. बाबा दर शेनवारा हाडटालो," सुविधा म्हणाली.

"सूर्य उदक व्हरता बाय, मीठ न्ही. उणें जालें की बांयचें गोडें उदक घालपाचें. म्हाका हें तुज्याच आज्यान शिकयलें."

सुविधा आत गेली. तिने फळीवरचा तो पेला काढला, विहिरीच्या पाण्याने भरून आणला आणि माझ्या कोरड्या तळाशी ओतला. "आजो," एवढेच म्हणाली आणि माझ्या काचेला कपाळ टेकून रडली. मी तिला जवळ घेऊ शकले नाही. मी पडले काच.

मित्रांनो, मासे पाळायचे तर जरूर पाळा. त्यांची काळजी घ्यायला शिका, वहीतही लिहून ठेवा. पण घरात कुणी न बोलता तुमच्यापुढे पेला धरत असेल, तर तो त्याच्याच तोंडाला लावायची घाई करू नका. त्याचा हात कुठे दाखवतो आहे, तिकडे एकदा बघा.

सुविधाने ओतलेले ते पाणीही दोन दिवसांत उन्हाने नेले. मीठ आहे.