जपानसाठी शिवलेला कोट

मी रंगनाथरावांचा लोकरीचा कोट. बेलापुरात त्यांच्या पडवीतल्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. उसाच्या गावात एवढा जाडजूड कोट कशाला, असं येणारा-जाणारा विचारतो. रंगनाथराव विषय बदलतात. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

आधी मी लष्करातला ओव्हरकोट होतो. नगरच्या छावणीबाहेर जुन्या कपड्यांच्या ढिगात पडलो होतो. एका शिंप्याने मला उचललं, गुडघ्याखालचा भाग कापला, आतून निळं अस्तर लावलं आणि रंगनाथरावांच्या अंगावर चढवलं.

"ह्याच्यात बर्फ शिरायचा न्हाई," शिंपी म्हणाला.

"वारा बी शिरला न्हाई पायजे. जपानला चाललोय," रंगनाथराव म्हणाले.

ते ऐकून माझी कॉलर आपोआप ताठ झाली.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनातली. दुष्काळ सरून वर्षही झालं नव्हतं. रंगनाथरावांना ऊस बागायतदार संघाचं पत्र आलं. जपानच्या दक्षिणेला समुद्रात बेटांची माळ आहे, ती दोन वर्षांपूर्वीच अमेरिकेच्या ताब्यातून जपानला परत मिळाली, तिथे लहान लहान रानांत ऊस पिकवतात, तो पाहायला तालुक्यातून एक शेतकरी पाठवायचा आहे. तिघांची नावं निवडली आहेत, चैत्रात श्रीरामपूरला मुलाखत. रंगनाथरावांनी त्यातला 'जपान' एवढाच शब्द वाचला. ते पत्र पुढे माझ्याच खिशात राहिलं, म्हणून मला सगळं पाठ आहे.

तयारीचा सल्ला दिला शेजारच्या काकासाहेबांनी. ते लष्करात कारकून होते. स्वतः पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते, पण जगभराच्या फायली त्यांच्या टेबलावरून गेल्या होत्या. मी शिवून घरी आलो त्या दिवशी ते पुन्हा म्हणाले, "जपानात गुडघाभर बर्फ. माणूस उभ्या उभ्या गोठतो. कोट, कानटोपी, लोकरीचे मोजे, याशिवाय विमानात बसू नका."

राहीबाई, म्हणजे रंगनाथरावांची कारभारीण, तेव्हा दारात शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिथं ऊस हाय म्हनता ना? मंग बर्फात ऊस येतो व्हय?"

दोघे पुरुष एकमेकांकडे बघून हसले. काकासाहेब म्हणाले, "वहिनी, तो जपानी ऊस असतो."

राहीबाईंनी पुढची शेंग फोडली. खरं सांगतो, माझा मात्र धीर सुटला. बाईंचं म्हणणं खरं ठरलं, तर मला विमानात कोण नेणार? पत्र खिशात होतं, पण मी ते सरकू दिलं नाही. कोटालाही स्वार्थ असतो.

दुसऱ्या दिवसापासून रंगनाथरावांनी सवय करायला घेतली. भर दुपारी मला घालून ते पारावर बसायचे. जपानी लोक वाकून नमस्कार करतात, असं कुठून तरी कळल्यावर त्यांनी गोठ्यातल्या म्हशीसमोर वाकायचा सराव केला. तिसऱ्या दिवशी म्हैस त्यांना बघून तोंड फिरवू लागली. जपानी काड्यांनी जेवतात, म्हणून त्यांनी दोन तुरकाठ्या तासून घेतल्या. पहिला शेंगदाणा तोंडात जाईपर्यंत भाकरी वाळली.

राहीबाई हे सगळं बघत होत्या. एका दुपारी त्या शाळेतल्या छबूबाई मास्तरीणबाईंकडून नकाशाचं पुस्तक घेऊन आल्या. चौथी शिकलेल्या राहीबाई बोट ठेवून वाचायच्या; आधी माझ्या खिशातलं पत्र वाचलं, मग नकाशा. निळ्या समुद्रात तीळ सांडावेत तशी ती बेटं होती. तिथून त्यांनी बोट सरळ आडवं ओढत आणलं आणि ते काशीच्या जरा वर येऊन टेकलं.

"काशीच्या शेजारच्या रेघंवर हाय. कसला आलाय बर्फ," त्या मला म्हणाल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. मग माझ्या बाहीला हात लावून त्या गालातल्या गालात हसल्या. "जाऊ द्या. घालू द्या त्यान्ला हौसंनं."

नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नाही. एकदा सांगून झालं होतं, आणि उत्तरही मिळालं होतं.

मुलाखतीच्या दिवशी ऊन असं होतं की श्रीरामपूरच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. रंगनाथरावांनी मला गळ्यापर्यंत लावलं, वर कानटोपी घातली. आपल्या रानातले चार ऊस पाल्यासकट दाखवायला घेतले होते, म्हणजे राहीबाईंच्या डोक्यावर दिले होते. बाकी दोन शेतकरी पांढऱ्या सदऱ्यात आले होते.

आत संघाचे साहेब बसले होते. त्यांनी रंगनाथरावांकडे बघितलं आणि पंखा वाढवला.

"बरं नाही का तुम्हाला?"

"न्हाई साहेब, सवय करतोय. जपानच्या बर्फाची."

साहेबांनी रुमाल तोंडावर धरला. बराच वेळ तो काढला नाही. मग समजुतीने म्हणाले, "अहो, आपण जातोय तिथे बर्फ पडत नाही. तिथे केळी लागतात."

माझ्या आत रंगनाथरावांच्या घामाचा पाट वाहत होता. मला वाटलं, इथेच आपलं अस्तर सोडावं आणि जमिनीत गडप व्हावं.

साहेबांनी पुढचा प्रश्न केला. "त्या बेटांवर वादळं फार. ऊस लोळतो. तुमच्या रानात वाऱ्याने लोळायला लागला, तर तुम्ही काय करता?"

 घाम पुसत रंगनाथरावांनी दाराकडे बघितलं. बाहेर राहीबाई उसाशेजारी उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "उसाचाच खालचा पाला वळायचा, साहेब. त्याची दोरी करायची आन् समोरासमोरचे ऊस एकमेकांला बांधायचे. गाठ लई आवळायची न्हाई, वाढंला जागा ठेवायची."

"दाखवता?"

त्या आत आल्या. चार ऊस दोन माणसांच्या हातात उभे धरायला दिले आणि पाला वळून गाठ मारली. साहेबांनी ऊस हलवून बघितला. गाठ सुटली नाही.

"तुमच्या रानात ही बांधणी कोण करतं?" त्यांनी रंगनाथरावांना विचारलं.

आता एक शब्द पुरे होता. 'मी' म्हटलं असतं तर जपान त्यांचा होता. राहीबाई खाली बघत होत्या. त्या काही बोलल्या नसत्या. मी रंगनाथरावांच्या छातीवर होतो, आतली धडधड मला कळत होती.

रंगनाथरावांनी कानटोपी काढली. म्हणाले, "ती करती, साहेब. लावन, खुरपनी, बांधनी, सगळं तीच बघती. मी पाटाचं पानी देतो आन् सभंला जातो."

साहेबांनी नियमांचा कागद चाळला.

"संघाचा सभासदच जाऊ शकतो. बाईंच्या नावावर जमीन आहे?"

"दोन एकर हाय, तिच्या बापानं दिलेली. सभासद व्हायचा कागुद द्या, आत्ताच भरतो," रंगनाथराव म्हणाले. मग बायकोकडे वळले. "जाशील ना गं?"

राहीबाईंनी लगेच होकार दिला नाही. आधी विचारलं, "म्हशीची धार कोन काढंल?"

"मी काढीन."

"ती तुमाला बघून तोंड फिरवती."

पण कार्तिकात राहीबाई गेल्या. नऊवारी लुगड्यात, तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन. निघताना रंगनाथराव मला त्यांच्या पिशवीत कोंबायला लागले. विमानात तरी गारठा असेल म्हणाले. बाईंनी मला बाहेर काढलं आणि नवऱ्याच्याच खांद्यावर टाकलं. "पहाटंच्या पानी पाळीला घाला."

त्या साली मार्गशीर्षात बेलापूरला कडाका पडला. पहाटे पाटावर उभं राहून दात वाजवणाऱ्या रंगनाथरावांना मी ऊब दिली. तिथेच एके सकाळी पोस्टमनने समुद्राचं चित्र असलेलं पत्र आणून दिलं. चित्रामागे, बोट ठेवून लिहावीत तशी अक्षरं होती: 'इथं पदर पुरतो. वादळात लोळलेला ऊस पाहिला. एका म्हातारीला आपली गाठ दाखवली. तिनं मला तिची दाखवली. पाणी चुकवू नका.' रंगनाथरावांनी ते दोनदा वाचलं, या वेळी सगळं. मग ते पत्र माझ्या आतल्या खिशात ठेवलं.

आता मी जुना झालोय. कोपरं विरली आहेत, कॉलरला कसर लागली आहे. कोणी डांबराच्या दोन गोळ्या आणून ठेवल्या तर उपकार होतील. आणि जपान कसा आहे, हे मला विचारू नका, काकासाहेबांना तर मुळीच नको. बाई उसात असतात. हाक मारा, त्या सांगतील. फक्त उभं राहून ऐकायला मिळत नाही, हातात खुरपं देतात.