चार नंबरची पट्टी

"शिवताना जीव जातो, उसवताना त्याहून," व्हर्लीन टॉल्बर्ट पुटपुटली आणि जर्सीच्या पाठीवरचं आडनाव टरकन ओढून काढलं. सोमवारची सकाळ, आणि हे तिसरं.

बेथेल ग्रोव्ह कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कपडे ती एकतीस वर्षं सांभाळत होती. पूर्वी पोरं पदवी घेऊन जात. आता जानेवारी उजाडला की चांगली पोरं मोबाईलवर अर्ज भरत आणि मोठ्या विद्यापीठात खेळायला जात.

चौथी जर्सी लमॅरियन स्पाइटची होती. चार नंबर, संघाचा हुकमाचा एक्का. तिने ती हातात घेतली, तोच तो दारात उभा राहिला.

"मिस व्हर्लीन, सकाळपासून चिडलाय म्हणे."

"चिडू नको तर काय केक करून घालू तुला? अर्ज कधी भरलास?"

"शुक्रवारी."

"म्हणजे काल चर्चमध्ये रेव्हरंड हिल्यार्ड बायबलातल्या रूथची कथा गात होते, तेव्हा भरून झाला होता. सासूला सोडून न गेलेल्या बाईची कथा, आणि तू माझ्या शेजारी डोळे पुसत होतास."

"ते गातातच तसं. मी तरी काय करू?"

तिला हसू आलं, म्हणून ती आणखीच चिडली. काल कथेच्या शेवटी रेव्हरंडांचा आवाज चढला, ऑर्गन मागोमाग गेला, तेव्हा तिचेही डोळे भरले होते.

"तिकडे ऐंशी हजार माणसं बघायला येतात, मिस व्हर्लीन."

"इथे चार हजार येतात. पण चारही हजार तुझ्या आजीला नावाने हाक मारतात."

तो हळूच म्हणाला, "आजीनेच विचारायला पाठवलंय. पट्टीवर माझं नाव घालाल का? आजोबांच्या खाली?"

चार नंबरच्या जर्सीत आतून एक कापडी पट्टी टाचलेली असे. जर्सी विरली की पट्टी नव्या जर्सीत जाई. त्या नंबराने खेळून पदवी घेतलेल्यांचीच नावं तिच्यावर. सर्वांत वर त्याचे आजोबा, रॉस्को स्पाइट, १९६८. खाली आणखी सहा.

"नियम ठाऊक आहे ना तुला?"

"आहे."

"मग मला कशाला विचारतोस? नाही म्हणण्याचं पाप माझ्या माथी?"

"आजीला काय सांगू?"

"सांग, व्हर्लीन फार खडूस बाई आहे. तिला माहीत आहेच ते."

तो हसला नाही. वाकून त्याने तिच्या गालाला गाल लावला. "तिकडे थंडी असते म्हणे," ती म्हणाली. "कान झाकून हिंड." तो गेला.

तिने पाठीवरचं आडनाव उसवलं. या वेळी टाका टाका करून, कापडाला न दुखवता. मग जर्सी उलटी केली. पट्टीवर सातव्या नावाखाली खडूने 'स्पाइट' लिहिलेलं होतं. तिनेच, हंगामाचं शेवटचं धुणं झाल्यावर, पोरगा नक्की राहील अशा भरवशावर. सुई ओवायचीच काय ती बाकी होती.

बाहेर धुण्याचं यंत्र भरून तयार होतं. खडू एका धुण्यात निघून जातो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने जर्सी यंत्रात टाकली. पट्टी मात्र आधी सोडवून घेतली, घडी केली आणि कोरडीच खणात ठेवली.