आजींची दुसरी तपासणी

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, एका दवाखान्याच्या बैठकीच्या खोलीत मी पांढऱ्या भिंतीवर उजेड टाकत असे, आणि त्या उजेडात मोठमोठे डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होऊन बसत.

कारखान्यात माझ्या पोटात दिवा नि पंखा बसवला, समोर भिंग लावलं आणि पेटीत घालून इथं पाठवलं. मला सांभाळलं ते यकृताच्या डॉक्टरीणबाईंनी. पहिला पेशंट तपासण्याआधी नवं काही वाचायचं, हा बाईंचा नेम. देवापुढच्या दिव्यासारखा तो त्यांनी कधी चुकवला नाही. वाचलेलं त्या दर आठवड्याला माझ्याकडून इतरांना दाखवत. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीवर किती नवं कळत होतं! सुरुवातीला मी अंग मोडून काढणारी, महिनोन् महिने चालणारी इंजेक्शनं दाखवली. पुढे त्याच भिंतीवर 'सी' नावाच्या विषाणूच्या काविळीतून तीनेक महिन्यांत बहुतेकांना बरं करणाऱ्या गोळ्या दाखवल्या. असं काही दाखवायला मिळालं, हे माझं भाग्यच.

बैठकीचा एक रिवाज होता. प्रत्येकानं आपला अडलेला पेशंट सांगायचा, मगच चहा. डोळ्यांचे डॉक्टर मात्र आपला काविळीशी काय संबंध म्हणत मागे बसत. दिवे मालवले की त्यांची मान डुलू लागे. बाई हळूच म्हणत, "आपले डोळ्यांचे डॉक्टर डोळे मिटूनच सगळं बघतात."

एकदा बाईंनी त्यांनाच गाठलं. आठवून आठवून ते म्हणाले की मोतीबिंदूच्या एक आजी आहेत. ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर 'सी' कावीळ निघाली. म्हणून ऑपरेशन थांबवलं आणि घरच्यांना जपून राहायला सांगितलं.

"दुसरी तपासणी केलीत?" बाईंनी विचारलं.

"दुसरी कशाला? पहिलीतच आलंय ना."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला मागचं चित्र पुन्हा दाखवायला लावलं. विषाणूशी लढायला शरीर शिपाई तयार करतं. शत्रू पळाला तरी शिपाई रक्तात राहतात. पहिल्या तपासणीत दिसतात ते शिपाई. शत्रू आज घरात आहे का, ते दुसरीत कळतं. शिवाय ही कावीळ जवळ घेतल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. त्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर चहा न घेताच उठले.

पुढच्या बैठकीला ते आजींना घेऊन आले. सोबत सून होती, तिच्या कडेवर तान्हा नातू. आजींनी स्वतःच आपलं ताट वेगळं केलं होतं, अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं. बाळाला जन्मल्यापासून शिवल्या नव्हत्या.

"दिसत तर नाहीच धड," त्या म्हणाल्या, "निदान हाताला तरी कळलं असतं, बाळ कसं आहे ते."

डॉक्टर त्यांच्यासमोर खाली बसले. "आजी, दुसऱ्या तपासणीत विषाणू नाही. तुमच्या शरीरानंच तो कधीतरी हाकलून दिला. आणि असता, तरी बाळाला घ्यायला हरकत नव्हती. मी अर्धवट सांगितलं, चुकलो."

आजींचे हात मांडीवरच राहिले. "नक्की ना? उगाच लेकराला काही..."

तेवढ्यात सुनेनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "घ्या हो आई. हात भरून आले माझे."

आजींनी कपाळावरून, कानांवरून बोट फिरवलं. नाकाशी येऊन ते थांबलं. "अगं बाई, हे तर ह्याच्या आजोबांचं नाक! जरा मोठंच आहे की."

सगळे हसले. बाई माझं बटण बंद करायचं विसरल्या. माझा उजेड बराच वेळ आजींच्या हातांवर राहिला. पुढे ऑपरेशनही झालं.

मग भिंतीवर स्वतःच उजळणारा नवा पडदा आला आणि मी कपाटात गेलो. अंगावर धूळ बसते, तरी तक्रार नाही. मला पुष्कळ मिळालं. एवढंच मागतो, मित्रांनो. यंत्र पुसून ठेवता तसं आपलं शिकलेलंही पुसून, तपासून बघत चला. घरात कुणी आजारामुळे दूर बसलं असेल, तर मोठ्यांना म्हणा की डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारा, आजही हे असंच आहे का? विचारायला लाजू नका. त्या एका प्रश्नावाचून कुणीतरी हात आखडून बसलेलं असतं.