बोटं : दहा

“सुग्रीवदादा, माझा बंदुकीचा कागद तेवढा तपासून ठिवा. मेंढरं पाण्यावर घालून आलोच,” म्हणत नाथा दुकानाबाहेर पडला.

तपासतो की, चांगलाच तपासतो, असं मनाशी म्हणत सुग्रीवने कागद ओढला.

चौसाळ्यातलं त्याचं लोखंड कातायचं, लेथचं दुकान रविवारी बंद असे आणि आत खेळ रंगे. कागद, पेन्सिल, फासा आणि अमेरिकेतलं घोडेस्वारांचं एक काल्पनिक गाव. बँकेतल्या ज्योत्स्नामॅडम खेळ चालवायच्या. प्रत्येकाचं एक सोंग, आणि गावाच्या बंदुका घडवणारा उस्ताद एकटा सुग्रीव. खऱ्या लेथने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खाल्ली होती. सोंगाच्या कागदावर मात्र त्याने पहिल्याच दिवशी ठसठशीत लिहिलं होतं, ‘बोटं : दहा’.

मग हा मेंढरं वळणारा नाथा आला आणि त्यानेही बंदुका घडवणाऱ्याचंच सोंग घेतलं. कागदावर बंदूक आखण्याआधी तो गिऱ्हाइकाला विचारायचा, हात कोणता, नजर कशी, घोड्यावरून मारणार की पायी. नव्याचे नऊ दिवस, म्हणून सुग्रीव गप्प राहिला. नव्वद दिवस झाले तरी रांग नाथाकडेच. गेल्या रविवारी मॅडमही म्हणाल्या, “नाथाची बंदूक हातात बसते हो.” तेव्हापासून सुग्रीव नुसता जळत होता. जन्मभर लोखंड कापलं आपण, आणि उस्ताद हा मेंढक्या!

नियम असा, की फाशावर नळीच्या जाडीपेक्षा मोठा आकडा पडला तर नळी फुटणार आणि बार काढणाऱ्याची बोटं जाणार. नाथाने जाडी पाच लिहिली होती. सुग्रीवने खोडरबराने पाच पुसून एक लिहिला. कागद उलटून मागे लिहिलेलं मालकाचं नावसुद्धा पाहिलं नाही.

नाथा परतला तोवर मॅडमही आल्या होत्या. तो लाजत म्हणाला, “मॅडम, ही इकायची न्हाई. दादासाठी हाय. मूठ आशी केलीया, तीन बोटांत बी लई घट बसंल.”

मॅडमनी कागद उलटला. “पहिला बार मालकाचा. टाका फासा.”

सुग्रीवने फासा मागे सारला. “ऱ्हाऊ द्या. फुडच्या आयतवारी बघू.”

“टाका की दादा. तुमी तपासलीया, मग भ्या कशाचं?”

फासा चारवर थांबला.

“जाडी एकच? फुटली रे नाथा,” मॅडम म्हणाल्या.

“एक? म्या तर पाच... न्हाई, म्याच चुकलो आसंल. मेंढरांत ध्यान व्हतं. दादा, माफी करा.”

आता तरी खरं सांगून टाकावं, असं सुग्रीवला फार वाटलं. तोंडही उघडलं. पण जीभ रेटेना.

किती बोटं गेली हे ठरवायला मॅडमनी पुन्हा फासा टाकला. “दोन,” त्या हळूच म्हणाल्या. “लिहावं लागेल, सुग्रीव.”

त्याने आपला जुना कागद पुढ्यात घेतला. उरलेल्या तीन बोटांत खोडरबर धरून तो ‘दहा’ घासू लागला. कागद सारखा सरकत होता.

“थांबा दादा,” म्हणत नाथाने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.