पाणीवालीचा फोन

आमच्या कार्यालयात फोन एकच. खुर्च्या मात्र ढीगभर, कारण साहेबांना खुर्च्या मंजूर करायला आवडतात. घरात मार खाणाऱ्या बायका या नंबरावर मदत मागतात आणि सकाळच्या पाळीत तो फोन मी उचलते. नियम दोन. बाईला धास्ती वाटू नये म्हणून तिचा नंबर आमच्याकडे दिसत नाही, कुठे नोंदलाही जात नाही. आणि समोरून आवाज आला नाही तरी फोन आपण ठेवायचा नाही. न बोलणारीच्या पाठीमागे बहुतेक वेळा कोणीतरी उभं असतं.

आणखी फोन मिळावेत म्हणून माझ्या लेकीने आणि तिच्या कॉलेजातल्या पोरांनी रान उठवलं होतं. सह्या गोळा केल्या, फाटकाशी बसून राहिले, साहेबांच्या गाडीला आडवे गेले. साहेब म्हणाले, आमच्याकडे एकही फोन उचलल्यावाचून राहत नाही, उगाच गवगवा करू नका. घरी आल्यावर लेक धुमसत होती. "आई, हा माणूस तोंडावर खोटं बोलतो."

"अगं, त्याचाच तर पगार मिळतो त्याला," मी म्हटलं. तोंडावर मी तिला आमची पुढारीण म्हणून चिडवायचे, पण मनातून मला तिचा फार अभिमान वाटायचा.

त्या सकाळी मी पाणीवालीची वाट बघत होते. नाव तिने कधी सांगितलं नाही. नवरा आंघोळीला गेला की ती फोन करायची, मागे नळाचं पाणी वाजत असायचं, म्हणून मी तिला मनातल्या मनात पाणीवाली म्हणायचे. बिचारी जीव मुठीत धरून बोलायची. नवरा कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायचा. कुलूप तोडायला गाडी आणि पोलीस बाई हवी, ते सगळं मी जुळवून ठेवलं होतं. अडलं होतं ते पत्त्यावर. पत्ता ती देत नव्हती. "तुम्ही आधीच कोणाला तरी पाठवाल आणि मग माझं काही खरं नाही," म्हणायची. आदल्या दिवशी मात्र म्हणाली, "उद्या सांगते. नक्की सांगते. उद्या मला न्याच."

फोन वाजला. मी झडप घालून उचलला. "बोला." काही नाही. पाण्याचा आवाजही नाही. "बोलता येत नसेल तर नुसतं थांबा. मी आहे इथे." जरा वेळाने कट. ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. पुन्हा तेच. पुन्हा. मग एकदा मागे कपबशा वाजल्या आणि कोणीतरी खुदकन हसलं, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही आमचीच पोरं. साहेब खोटं बोलतात हे सिद्ध करायला सगळी एकदम फोन लावून बसली होती. मला सांगितलं नव्हतं, कारण मग परीक्षा खरी ठरली नसती.

लेकीला मोबाइल लावला. एंगेज. ती आमच्याच नंबराच्या मागे लागली होती.

"बंद करा रे बाबांनो," मी फोनात म्हणाले, "एक बाई फोन करणार आहे." त्या पोराने घाबरून ठेवला, पण त्याच्यानंतरच्याला ते कसं कळणार? त्यालाही तेच सांगितलं. मग एक फोन आला, त्यात नुसता श्वास. "कॉलेजची आहेस का गं?" पाणीवाली असेल तर? तिच्यासारखीच दुसरी कोणी असेल तर? ठेवायची माझी हिंमत होईना. तिचा नवरा करून करून किती वेळ आंघोळ करणार? शेवटी पलीकडून बारीक आवाज आला, "सॉरी मावशी. तुम्ही इतकं मायेने बोलत होता, ठेवायचं जिवावर आलं." त्या पोरीचा गळा धरावा असं मला वाटलं.

मग फोन गप्प झाला. तेवढ्यात लेक कार्यालयात आली, चेहरा नुसता फुललेला.

"आई, बहुतेक सगळ्यांना एंगेजच लागला. आता बघू साहेब काय बोलतात. फोन वाढवून द्यावेच लागतील त्यांना."

"खाली बस," मी म्हटलं. माझा आवाज ऐकून ती मुकाट बसली.

फोन वाजला. आमचं यंत्र जुनं, पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येतं.

"कोणाचा नंबर आहे हा?" पुरुषाचा आवाज.

मागे कोणीतरी तोंड दाबून रडत होतं. "शिवणकाम करते मी. कोण हवंय आपल्याला?"

"आमच्या घरातून सारखा हा नंबर लावतायत. मी आंघोळ करून बाहेर आलो तरी लावणं चालूच."

"ड्रेस टाकलाय हो त्यांनी. आज द्यायचा होता."

"असं होय." आवाज अगदी गोड झाला. "मग बोला की तिच्याशी."

लेकीने तोंडावर हात ठेवला. मी फोन दोन्ही हातांनी धरला. आत्ता विचारलं तर विचारलं, नाहीतर कधीच नाही.

"ताई, माझ्याकडून उशीर झाला. ड्रेस घरी आणून देते. पत्ता तेवढा सांगा."

मी मनातल्या मनात देवाला नवस बोलले, साहेबांना शिव्या घातल्या, सगळं ती बोलेपर्यंत.

"नको," पाणीवाली म्हणाली. "राहू द्या आता तो ड्रेस. कितीदा लावला हो तुम्हाला. तुमचा फोन लागतच नाही."

फोन ठेवला गेला. तिने ठेवला की त्याने, कळलं नाही.

लेक माझा दंड धरून हलवत होती, ती लहान असताना मला ताप आला की हलवायची तशी. "आई, पोलिसांना सांग ना. गाडी पाठव. आई, बसून काय राहिलीस, पाठव ना गाडी."

"कुठे पाठवू?" मी तिला विचारलं.